टालीवरच्या दुपारी

यंदा कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. सुनेने नळाला पाईप लावून त्या भिजवल्या आणि हुडकेश्वरच्या आमच्या या नव्या घरात तो ओला, मातकट, गार वास भरून राहिला. एप्रिल सरत आला की नागपुरात घराघरांतून हा वास येतो. लोकांना त्याने बरं वाटतं. मला मात्र तो आला की उगीच कान द्यावासा वाटतो. बाहेर काही वाजतंय का?

बाहेर काही वाजत नव्हतं. भर दुपार होती. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं, समोरच्या घराच्या खिडक्या बंद, गुलमोहराखाली एक सायकल भिंतीला टेकून उभी.

"आई, किती शांत वाटते नं इथं दुपारी," सून म्हणाली.

मी हो म्हटलं. ती अमरावतीची, लग्न होऊन आली तेव्हा हे घरही नवंच होतं. तिला काय सांगणार? नागपूरची उन्हाळी दुपार मला कधी शांत वाटली नाही. ती गप्प असते. शांत असणं वेगळं आणि गप्प होणं वेगळं, हे मी एका उन्हाळ्यात शिकले.

आणीबाणीच्या आधीचा उन्हाळा तो. लकडगंजच्या मागे तेव्हा आमची वस्ती होती, सागटोली. वस्तीतले निम्मे पुरुष आरागिरण्यांत कामाला. माझे बाबाही. लाकडाचा भुसा आमच्या जगण्यात सगळीकडे होता. केसांत, पांघरुणांत, भाकरीच्या पिठातसुद्धा. बाबा संध्याकाळी दारात उभे राहून सदरा झटकायचे तेव्हा सोनेरी धूर उडायचा. आमच्या पलीकडे विणकरपुरा. तिकडे घरोघरी हातमाग. सकाळी डोळा उघडायच्या आधी एका कानात आऱ्याची किरकिर आणि दुसऱ्या कानात मागाची खटखट. दोन्ही आवाज एकमेकांत इतके मिसळलेले, की कोणता आपला आणि कोणता त्यांचा हे लहानपणी मला ठाऊकच नव्हतं.

दोन्ही वस्त्यांच्या मधे टाल होती. पूर्वी तिथे लाकडाचे ओंडके रचून विकायचे. तो धंदा बसला, मालक गेला, नाव तेवढं राहिलं. एक मोकळं मैदान, कडेला जुनाट कडुनिंब, एक पत्र्याची शेड, आणि जमिनीवर वर्षानुवर्षं साचलेला भुसा, पाय टाकला की गादीसारखा दबणारा. कबड्डीसाठी त्याहून चांगली जागा शहरात नव्हती. पडलं तरी लागायचं नाही. दोन्हीकडचे पोट्टे तिथे एकत्र खेळायचे. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं, ते मारुतीच्या आखाड्यातले. पण भुशात लोळून उठलं की सगळे एकाच रंगाचे दिसायचे.

नामदेव आमच्या शेजारचा. अनुसयाकाकूंचा एकुलता एक. मिसरूड नीट फुटलेलं, दंड घोटलेले, बोलण्यापेक्षा हसणं जास्त. तो बोटं न लावता शिट्टी वाजवायचा. एक लांब सूर, आणि त्याच्या टोकाला वर उचललेला छोटासा सूर, जसं कोणी विचारावं, येता का? ती ऐकली की दोन्ही वस्त्यांतून पोट्टे जेवणावरून उठून पळायचे. सगळ्यांच्या आधी पळायचा तो विणकरपुऱ्याचा गजानन, नामदेवचा जिवलग.

होळी होऊन गेली होती, ऊन चढायला लागलं होतं. खेळात गजानन म्हणाला, मी शिवलो. नामदेव म्हणाला, नाही शिवला. दोघंही हटून बसले. आजूबाजूच्यांनी दोन्हीकडून तेल ओतलं, जातीवरून कोणीतरी एक घाण शब्द टाकला, तो कोणी टाकला हे नंतर कधीच कोणी कबूल केलं नाही. नामदेवने धक्का दिला. गजाननच्या कमरेला मागावरचं सूत कापायची छोटी सुरी होती. कामावरून तसाच खेळायला आला होता तो.

आम्ही धावत गेलो तेव्हा नामदेव कुशीवर निजला होता. रक्त कुठे दिसत नव्हतं. सगळं भुशाने पिऊन टाकलं होतं. त्यामुळे आधी पोचलेल्यांना वाटलं, हा सोंग करतोय. कोणी तरी हसलंही. गजानन पळाला नाही. त्याच्या डोक्याशी उभा होता आणि हळू आवाजात पुन्हापुन्हा म्हणत होता, "ऊठ नं बे. ऊठ नं." पोलिसांनी हाताला धरून नेईपर्यंत तो तेच म्हणत होता.

त्यानंतर माग थांबले. भीतीने. विणकरपुऱ्याने दारं लावून घेतली. आमच्याकडची आरागिरणीही आठवडाभर बंद ठेवली. दोन्ही आवाज गेले तेव्हा कळलं की त्यांच्यामागे काहीच नव्हतं. नुसती पोकळी. पुढे गिरणी सुरू झाली, पण दुपारी माणसं घरी जेवायला यायची तेवढा वेळ, ऊन डोक्यावर असताना, ती पोकळी परत यायची. उन्हात रस्ता हलताना दिसायचा. टालीवर वावटळी उठायच्या, भुसा वर घेऊन माणसाएवढ्या उभ्या राहायच्या, थोडं चालायच्या आणि विरून जायच्या. कोणी तिकडे बघायचं नाही. त्या जागेवरून वाट होती ती मोडली. लोक लांबून, नालीच्या कडेने जाऊ लागले.

अशा एका दुपारी मी खिडकीवरच्या पोत्याच्या पडद्यावर पाणी मारत होते. आमच्याकडे वाळ्याचा कूलर कुठला? पोतं भिजवायचं, त्यात आतून वाळ्याच्या चार काड्या खोवायच्या, वारा आला की तोच वास. मी लोटा घेऊन उभी होते आणि शिट्टी वाजली.

एक लांब सूर. टोकाला वर उचललेला छोटा सूर.

चुलीजवळ आईचा हात परातीतच थांबला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. बाहेर भिंतीच्या सावलीत गल्लीतला काळू कुत्रा निजला होता. तो उठला. शेपूट हलवत, ओळखीचं माणूस बोलावतंय अशा घाईने टालीकडे गेला, आणि मैदानाच्या काठावर येऊन थांबला. तिथेच बसला. समोर कोणी नव्हतं. तो मान वर करून बघत होता, माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं.

"पानी संपलं काय वं? आन नं भरून," आई म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

मग रोज. वेळ ठरलेली नव्हती, पण दुपारच, आणि आवाज टालीवरूनच. वस्तीत त्यावर कोणी उघड बोललं नाही. फक्त लोक शिट्टी वाजवेनासे झाले. पोट्टे नाही, टांगेवाला नाही. कुल्फीवाला तोंडात पिपाणी धरून यायचा, तो हात नुसता हलवत फिरायला लागला. टालीवर एक हवालदार बसवला होता. त्याला बाबांनी विचारलं, तेव्हा त्याने खिशातून स्वतःची शिट्टी काढून दाखवली. "भाऊ, ही कोरडी हाये, पाहून घ्या. मी नाही वाजवून राहिलो." दोन दिवसांनी तो दुसरीकडे बदली मागून गेला.

बाबांचं वेगळंच दुखणं होतं. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी भूतखेत, देवदेवस्की सगळं मागे सोडलं होतं, आणि ते त्यांना मिळालेलं सगळ्यात मोठं धन वाटायचं. घरात कोणी बाधा, नजर असा शब्द काढला तरी ते ताटावरून उठायचे. आता तेही ऐकत होते. दोन-तीन दिवस त्यांनी कळ काढली, मग एका दुपारी टॉवेल डोक्याला गुंडाळून टालीवर गेले. शेडच्या कोपऱ्यात एक लोखंडी पाईप होता, गंजून छिद्र पडलेला. वारा त्यातून वाजत असणार. त्यांनी चिंध्या आणि भुसा ठासून पाईप बुजवला, आनंदाने घरी आले, हात धुऊन जेवायला बसले. पहिला घास तोंडाशी गेला आणि शिट्टी वाजली. बाबांनी घास ताटात ठेवला.  त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला प्रथमच खरी भीती वाटली. आवाजाची नाही. एवढ्या कणखर माणसापाशी आता काही उत्तर उरलं नव्हतं, त्याची.

माझा धाकटा भाऊ विनू नामदेवचा चेला. मॅट्रिक नापास होऊन गिरणीत लागला होता. नामदेव गेल्यापासून तो रडला नव्हता, भांडला नव्हता. उलट फार शहाण्यासारखा वागू लागला होता. आईला पाणी भरून द्यायचा, बाबांशी अदबीने बोलायचा. मी प्राथमिक शाळेत नवी मास्तरीण झाले होते, सुट्टी लागली होती, दिवसभर घरी. एकदा पोत्याचा पडदा उतरवून झटकायला घेतला तर शिवणीत काहीतरी कडक लागलं. उसवून पाहिलं. गुप्ती होती. वीतभराहून लांब, नवी, वाळ्याच्या काड्यांमधे नीट गुंडाळून ठेवलेली.

विनू दारातच उभा होता.

"ठेवून दे ताई, जिथं होती तिथं."

"कोनासाठी आनली?"

"तुले आयकू नाही येत काय? रोज बोलावून राहिला तो."

"विनू, नामदेव गेला रे."

"म्हनूनच तं बोलावते," तो म्हणाला. रागाने नाही. झोपेतल्या माणसासारखा, समजावून सांगितल्यासारखा. "आम्ही सगळे जनं जाऊन राहिलो. दिवस ठरला की सांगीन तुले. आईले नको सांगजो."

मी त्याच घटकेला आईला सांगितलं. आई पिठाचे हात न धुता उठली आणि अनुसयाकाकूंकडे गेली. मी मागोमाग. काकू मुलगा गेल्यापासून घराबाहेर पडल्या नव्हत्या. अंधाऱ्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या.

"अनुसया," आई म्हणाली, "माह्या विनूनं गुप्ती आनली वं. शिट्टी आयकून राहिले म्हन्ते सारे पोट्टे. नामदेव बदला मांगते म्हन्ते."

काकूंनी मान वर केली. मग म्हणाल्या, "मलेबी आयकू येते."

आई उंबऱ्यातच खाली बसली.

"पाळण्यात होता तवापासून आयकून राहिली मी त्याचा आवाज," काकू म्हणाल्या. "भांडाले जाचा तवा तो गुपचूप जाचा, दात आवळून. शिट्टी नाही वाजवे. ही शिट्टी खेळाले बोलावाची हाये. त्या पोट्ट्यायले एवढं समजत नाही काय?" आणि मग एकदम, "कोनी जात नाही, म्हनून बोलावते तो रोज. एकटा हाये तिथं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अनुसयाकाकू घराबाहेर पडल्या. अनवाणी. काखेत पाण्याचं मडकं. सगळी सागटोली फटीतून बघत होती. त्या टालीवर गेल्या, नामदेव पडला होता त्या जागेशेजारी, कडुनिंबाच्या विरळ सावलीत बसल्या, पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि तशाच राहिल्या. काळू जाऊन त्यांच्या पायाशी बसला. आईने चूल विझवली. "एकटी नाही बसू द्याची तिले," म्हणाली आणि गेली. तिच्यामागे मी. मग आणखी बाया येत गेल्या, कोणी न बोलावता.

त्या दुपारी मला विसरता येत नाहीत. कोणी बोलत नसे. झळा लागू नयेत म्हणून सगळ्यांनी तोंडावरून पदर घेतलेले, त्यामुळे कोण कुठली हे कळत नसे. नुसते आकार. गरम वाऱ्यात ते आकार हलताना दिसायचे, जमिनीपासून किंचित वर उचलल्यासारखे. कधी वाटायचं, आपण आलो त्याहून एकजण इथे जास्त बसलंय. मोजायची हिंमत झाली नाही. शिट्टी वाजायची ती अगदी जवळून. तेव्हा आमच्यातला एकही पदर हलायचा नाही. काकू तेवढ्या हळूच म्हणायच्या, "हो रे राजा. आलो नं."

आणि पलीकडे काय चाललं होतं? ते आम्हाला पुष्कळ पुढे कळलं, गजाननच्या आईकडून, सुभद्राबाईंकडून. शिट्टी विणकरपुऱ्यातही ऐकू जात होती. तिथे सगळ्यांना वाटत होतं, सागटोलीचे पोट्टे रोज दुपारी इशारा देऊन राहिले, आज ना उद्या चाल करून येतील. म्हणून त्यांनीही काठ्या, सळया, सुऱ्या जमवल्या होत्या. एकच आवाज, आणि दोन्हीकडे तो ऐकून हत्यारं धारदार होत होती.

तो दिवस आला. विनू जेवता जेवता अर्ध्यावर उठला तेव्हाच मी ओळखलं. आम्ही बाया टालीवर बसलोच होतो. गल्लीच्या तोंडातून आमचे पोट्टे आले, हात पाठीमागे धरून. त्याच वेळी विणकरपुऱ्याच्या बाजूने तेही आले. त्यांच्यासोबत सुभद्राबाई, एकेकाच्या सदऱ्याला लोंबकळत, "नका रे, नका रे बापाहो," करत. केस सुटलेले, पायात चप्पल नाही. मधे आम्ही.

"सरका बाजूले," विनू म्हणाला.

कोणी सरकलं नाही.

पलीकडून एकजण ओरडला, "रोज शिट्ट्या काहून मारता बे? दम असन तं सरळ या!"

"आम्ही मारतो? तुम्हीच मेलेल्याची थट्टा करून राहिले!"

"आम्ही नाही मारत!"

"मग कोन मारते? तुहा बाप?"

हात पुढे आले. उन्हात पातं चमकलं. आई उभी राहिली, तिने विनूच्या मनगटाला हात घातला, तो झटकला गेला. आणि शिट्टी वाजली.

मधेच. दोन्ही घोळक्यांच्या बरोब्बर मधे, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, जिथे कोणी नव्हतं तिथून. एक लांब सूर, टोकाला छोटा सूर. सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडांकडे पाहिलं. आमच्या पोट्ट्यांनी त्यांच्या, त्यांनी आमच्या. सगळ्यांचे ओठ मिटलेले, कोरडे, पांढरे. वारा पडलेला. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. विणकरपुऱ्यातला तो ओरडणारा पोरगा, त्याच्या हातातली सळई भुशात पडली, आणि तिचा आवाजसुद्धा झाला नाही.

अनुसयाकाकूंनी पदर मागे सारला. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उन्हात दिसला.

"आला तो," त्या म्हणाल्या. "बसा आता. खेळाले बोलावलं त्यानं, तुम्ही हे काय घेऊन आले? बसा म्हनलं नं!"

आधी कोण बसलं ते मला आठवत नाही. एकेक करून सगळे बसत गेले. आमचे इकडे, ते तिकडे. विनू माझ्याजवळ बसला आणि त्याचे दात वाजत होते, त्या तापत्या उन्हात. आईने हात पुढे केला. त्याने गुप्ती तिच्या हातात दिली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. इतक्या दिवसांचं ते रडणं होतं. मग पलीकडूनही कोणी हुंदका दिला. सावली कडुनिंबाच्या बुंध्यापासून नालीपर्यंत सरकली तोवर कोणी एक शब्द बोललं नाही. सुभद्राबाई लांब, उन्हातच बसून राहिल्या. त्यांना सावलीत कोणी बोलावलं नाही, उठवलंही नाही.

पुढे लोक म्हणायचे, सागटोलीच्या बायांनी शांतता कमिटी काढली. तसं काही काढलं नव्हतं. दुसऱ्या दुपारी आम्ही पुन्हा गेलो, कारण काकू गेल्या. पोट्टेही आले, कारण न येण्याची भीती जास्त होती. मग तो रिवाजच झाला. वस्तीत कोणाचं डोकं तापलं, दोघांची जुंपली, की कोणीतरी म्हणायचं, "टालीवर चल." दोघांनी यायचं, समोरासमोर बसायचं, सावली नालीला लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग बोलायचं. तोवर बहुतेकांना आपण काय बोलणार होतो ते आठवेनासं व्हायचं. कधी एखादा हसायचा, कधी रडायचा. विहारातून चटया आल्या. मारुतीच्या आखाड्याने पाण्याचा रांजण दिला. ज्याचं डोकं फारच तापलेलं असेल त्याच्या डोक्यावर काकू ओला पंचा टाकायच्या आणि कैरीचं पन्हं हातात द्यायच्या. "पी आधी. मारामारी कुठी पळून जात नाही."

पत्र्याच्या शेडमधे मी नापास पोरांना गणित शिकवायला लागले. दोन्हीकडचे एकाच चटईवर. गणितापेक्षा त्यांना बोलायचं असायचं. रात्री झोप लागत नाही, डोळे मिटले की भुसा दिसतो, असं एकजण खाली बघत म्हणाला तेव्हा बाकी सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्यातला प्रत्येकजण इतके दिवस समजत होता, ते आपल्यालाच दिसतं. कबड्डीही सुरू झाली, पण नामदेव पडला त्या एका जागेवर चटई टाकून ती रिकामी ठेवून. संघ मिसळून पाडायचे, हा विनूचा हट्ट. गल्ली विरुद्ध गल्ली पुन्हा कधी खेळायचं नाही.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. टालीवर बसणाऱ्यांतलाच एकजण पुढे इतवारीत कोणाला तरी भोसकून तुरुंगात गेला. एक बाई रोज यायची, तिच्या नवऱ्याचा हात आम्हाला कधीच थांबवता आला नाही. पण त्या दोन वस्त्यांमधे पुन्हा खून झाला नाही. आणि सुभद्राबाई, त्या रोज उन्हात बसायच्या, लांब. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी अनुसयाकाकूंनी आपली चटई थोडी बाजूला ओढली.  सुभद्राबाई आल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बसल्या. दोघींमधे हातभर अंतर होतं. ते पुढेही तेवढंच राहिलं.

शिट्टी कधी थांबली? हे आम्ही एकमेकांना पुष्कळदा विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. कबड्डीचा दम घुमत होता, पोरं ओरडत होती, पाढे चालले होते, पलीकडे माग पुन्हा खटखटू लागले होते. त्या सगळ्या आवाजात एखादी दुपार तिच्याविना गेली असेल, मग दुसरी. लक्षात आलं तेव्हा बरेच दिवस झाले होते. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. अनुसयाकाकू मात्र त्या दिवशी उठून शेडच्या मागे गेल्या आणि एकट्या बसून राहिल्या. आम्हाला मोकळं वाटलं तेव्हा त्यांचा मुलगा खरोखर गेला होता.

बाबांनी त्या उन्हाळ्याचा विषय आयुष्यभर काढला नाही. एकदाच, म्हातारपणी, मी मुद्दाम विचारलं, "बाबा, काय होतं ते?"  "भूत नव्हतं," ते म्हणाले. "भूत नसतेच." आणि थोड्या वेळाने, "पण आयकलं मी."

वर्षं गेली. माझं लग्न झालं, पारशिवनीला बदली झाली, परत आले. काकूंचे केस पांढरे झाले, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले की दुपारी त्या टालीवर असायच्याच, भोवती नव्या पोट्ट्यांचा घोळका. त्यांना नामदेव नाव तेवढं माहीत होतं.

अशाच एका दुपारी, ऐंशी साल उलटून गेल्यावर, मी शेडमधे बसले होते. पोरं खेळत होती. एकाएकी खेळ थांबला. मी वर पाहिलं. मैदानाच्या काठावर, उन्हात, एक माणूस उभा होता. डोक्यावर काही नाही. हातात कापडी पिशवी. ऐन उमेदीत म्हातारा झालेला चेहरा. मला ओळखायला वेळ लागला. सुभद्राबाईंना लागला नाही. त्यांच्या तोंडून आवाज फुटला, तो त्यांनी पदराने दाबला आणि अनुसयाकाकूंकडे पाहिलं. स्वतःच्या मुलाकडे जायला त्या परवानगी मागत होत्या.

गजानन सुटून आला होता. घरी जायच्या आधी इथे आला होता. आत येत नव्हता आणि जातही नव्हता. जमिनीकडे बघत उभा होता, सावली पायाखाली गोळा झालेली. वारा थांबला होता. त्या जुन्या दुपारींचा सगळा गप्पपणा एका क्षणात परत आला.  विनू आता दोन पोरांचा बाप होता, तो उठून उभा राहिला, त्याच्या मुठी वळलेल्या मला दिसल्या.

"विनू, खाली बस," काकू म्हणाल्या. मग काठावरच्या माणसाला, नेहमी कोणालाही सांगायच्या त्याच आवाजात, "उन्हात काहून उभा राहिला? इथं रीत हाये, ठाऊक नसन तुले. ये. बस समोर. बोलू नको."

तो आला. चालताना त्याने ती मोकळी सोडलेली जागा ओलांडली नाही, वळसा घालून आला. काकूंच्या समोर बसला. दोघं बसून राहिले. काकूंनी एकदाही नजर काढली नाही त्याच्यावरून. त्याने एकदाही वर पाहिलं नाही.  सुभद्राबाईंची बोटं चटईच्या काड्या मोडत होती. सावली इतक्या सावकाश सरकताना मी कधी पाहिली नाही. शेवटी ती नालीला लागली, आणि गजाननने तोंड उघडलं. काय बोलायचं ते त्याने इतकी वर्षं मनात जमवलं असणार. ओठ हलले, आवाज आला नाही.

"राहू दे," अनुसयाकाकू म्हणाल्या. "माफ नाही केलं मी तुले. कराचीबी नाही. माह्याच्यानं होनार नाही ते." त्या हात टेकून उठल्या, रांजणातून पाण्याचा गिलास भरला, त्याच्यासमोर भुशावर ठेवला. हातात दिला नाही.

"पानी पी, आईसंगं घरी जाय," म्हणाल्या. "आन उद्या येजो."

गजाननने गिलास दोन्ही हातांनी धरून घाईने तोंडाला लावला, निम्मं पाणी भुशावर सांडलं, आणि भुशाने ते लगेच पिऊन टाकलं. मग तो आईबरोबर गेला. काकू चटई गुंडाळत होत्या. मी धरायला गेले तर त्यांनी मला हलकेच बाजूला सारलं.

दुसऱ्या दुपारी त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. ऊन तसंच होतं, रस्ता तसाच हलत होता. विणकरपुऱ्याच्या बाजूने तो येताना दिसला, लांबून, एकटा. विनू कबड्डीची रेघ आखत होता. त्याने मान वर करून पाहिलं, थोडा वेळ तसाच थांबला, आणि मग पुन्हा वाकून रेघ पुढे ओढू लागला.